फ्युमिगेशनसाठी घराबाहेर पडताना: भाडेकरूंनी काय विचारावं, काय लिहून घ्यावं

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याहून एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. जुन्या कौलारू घराचा अर्धा भाग त्यांनी भाड्याने घेतला आहे. अकरा महिन्यांचा करार दोनदा वाढवून झाला. छपराच्या वाशांना कीड लागली आहे, मागच्या खोलीच्या भिंतीत वाळवी आहे. घरमालक काकांनी व्हॉट्सअॅपवर कळवलं: "सोमवारपासून पाच दिवस घर रिकामं करा, सामान जमेल तेवढं हलवा, चाव्या माझ्या भाच्याकडे द्या, फ्युमिगेशन आहे." घरात दम्याचे सासरे आणि चार महिन्यांचं बाळ. ताईंचे प्रश्न चार: जावंच लागेल का? बाहेर राहण्याचा खर्च कुणाचा? त्या दिवसांचं भाडं द्यायचं का? आणि परत आल्यावर घरात घेतलं नाही तर?

भाडेकरू आणि घरमालकांची प्रकरणं मी बरीच वर्षं चालवतो, दोन्ही बाजूंनी. चौथा प्रश्न मी आधी घेतो. पहिल्या तिघांत चूक झाली तर काही हजार रुपयांचं नुकसान होईल. चौथ्यात चूक झाली तर घर जाईल.

औषध मारण्यासाठी काही दिवस बाहेर राहणं म्हणजे घराचा ताबा सोडणं नव्हे. तुमचं सामान आत आहे, करार चालू आहे, भाडं भरलेलं आहे, परत यायची तारीख ठरलेली आहे, तोवर घर तुमच्याच ताब्यात आहे. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १११ मध्ये भाडेपट्टा संपण्याची जी कारणं दिली आहेत, त्यात भाडेकरूने आपणहून घर परत करणं हेही आहे. ते लेखी असायलाच हवं असं नाही, दोघांच्या वागण्यावरूनही ते धरता येतं. सगळं सामान बाहेर, सगळ्या चाव्या मालकाच्या हातात, आणि परत येण्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. अशा स्थितीत उद्या समोरचा वकील "यांनी स्वतःच घर सोडलं" असं उभं राहून म्हणेल आणि तुम्हाला ते खोडून काढत बसावं लागेल.

म्हणून निदान एक चावी स्वतःजवळ ठेवा. कपाट, पलंग, देव्हारा, गॅसची शेगडी जागच्या जागी राहू द्या. दुसरी चावी भाच्याला द्यायला हरकत नाही, पण "औषधफवारणीपुरती एक चावी दिली आहे" एवढं त्याच व्हॉट्सअॅपवर लिहा.

मी एवढा जोर का देतो आहे? मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्याच्या किनारपट्टीत भाड्याचं गणित पार बदललं. वर्षभराच्या भाडेकरूकडून महिन्याला जे मिळतं, ते डिसेंबरात पर्यटक काही रात्रींत देऊन जातो. मग दिवाळी झाली की "पेस्ट कंट्रोल करायचं आहे", "रंग काढायचा आहे", "गावची माणसं यायची आहेत" अशी कारणं सुरू होतात. तुमच्या काकांच्या मनात तसं काही आहे असं मी म्हणत नाही. वाशांना कीड लागली असेल तर इलाज करायलाच हवा, आणि तो करू पाहणारा मालक चांगलाच म्हणायचा. पण लेखी चार ओळींचं चांगल्या मालकाला ओझं वाटत नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या मालकासमोर त्याच चार ओळी तुम्हाला वाचवतात.

आता पहिला प्रश्न, जावंच लागेल का. याचं उत्तर कायद्याच्या आधी औषधावर अवलंबून आहे. आपल्याकडे झुरळांच्या जेलपासून ते विषारी वायूपर्यंत सगळ्यालाच लोक फ्युमिगेशन म्हणतात. झुरळांसाठी फटींत जेलचे ठिपके लावले तर कुणालाही घर सोडावं लागत नाही. ढेकणांसाठी फवारणी असेल तर काही तास बाहेर थांबून, दारंखिडक्या उघडून, फरशी पुसून परत येता येतं. मात्र अंडी त्यातून वाचतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. ती तारीखही आधीच ठरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी पुन्हा हाच घोळ.

वाळवीचा इलाज आणखी वेगळा. उभ्या घरातल्या वाळवीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे साधारण ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांत औषध सोडायचं आणि भोकं सिमेंटने बुजवायची, ही पद्धत. बहुधा इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन किंवा क्लोरपायरिफॉस वापरतात. हे काम खोलीखोलीने करता येतं. पाच दिवस सगळं घर रिकामं ठेवण्याची गरज मला तरी यात दिसत नाही. तुमच्याकडे बाळ आहे आणि दम्याचे पेशंट आहेत, म्हणून ड्रिलिंगच्या धुळीपासून आणि वासापासून त्या दोघांना दोन-तीन दिवस लांब ठेवणं शहाणपणाचं. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही ती तुम्ही विचारा: विहीर किती लांब आहे? जमिनीत सोडलेलं औषध पिण्याच्या पाण्यात जाणार नाही याची काळजी घ्या, असं मानकातच म्हटलं आहे. मांद्र्यासारख्या गावात परसातल्या विहिरीचं पाणी अजून स्वयंपाकाला लागतं. भिंतीला लागून विहीर असेल तर ऑपरेटरला ती दाखवा आणि त्या बाजूचं काम कसं करणार ते त्याच्याकडून समजून घ्या.

खरं फ्युमिगेशन म्हणजे बंद जागेत विषारी वायू कोंडून ठेवणं. तुमचे काका "फ्युमिगेशन" आणि "पाच दिवस" हे शब्द एकत्र वापरत आहेत, म्हणून मला काळजी वाटते. आपल्या देशात यासाठी सहज हाती लागतं ते अॅल्युमिनियम फॉस्फाइड, म्हणजे धान्याच्या गोदामात ठेवतात त्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. त्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात. भिंतीच्या तड्यांतून, छताच्या फटींतून तो शेजारच्या खोलीत जातो. घरात ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी या गोळ्या ठेवल्या आणि पलीकडच्या खोलीत झोपलेली लहान मुलं दगावली, अशा घटना देशात अनेक ठिकाणी घडल्या आहेत. हे औषध कुणीही विकत घेऊन वापरावं असं नाही. सरकारी संस्था किंवा पेस्ट कंट्रोल करणारे, तेही सरकारी अथवा सरकारमान्य तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, एवढ्यांनाच त्याची परवानगी आहे. दुसरा वायू मिथाइल ब्रोमाइड. तो निर्यात आणि क्वारंटाइनच्या मालापुरता आहे, घराच्या छपरासाठी नव्हे.

शिवाय कौलारू घर हवाबंद होतच नाही. मंगळुरी कौलांच्या फटी, वळचणीखालची मोकळी जागा, वाशांच्या टोकांशी उरलेली भोकं, सगळीकडून वायू बाहेर जाणार. म्हणजे कीड पुरती मरणार नाही, आणि भिंतीपलीकडे स्वतः काका राहत असतील तर धोका त्यांनाच. लाकडाच्या किडीसाठी वाशांना औषध लावणं, भोकांत पिचकारीने औषध भरणं, अगदी पोखरलेला वासा बदलणं, हे सगळं माणसं तासांच्या हिशेबाने बाहेर ठेवून करता येतं. माझं स्पष्ट मत सांगतो. भिंतीला भिंत लागून माणसं राहतात अशा कौलारू घरात कुणी गोळ्या ठेवून वायू सोडणार असेल, तर त्याला भाडेकरूने आणि मालकाने दोघांनी मिळून नाही म्हणावं. इथे तुमचं आणि काकांचं हित एकच आहे, आणि काकांना ते तसंच सांगा.

औषधाचं नाव कळलं की डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. कुणी ढेकणांसाठी "नुवान मारतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. त्यांनुसार व्यवसाय म्हणून पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना लागतो. परवान्याची प्रत मागणं हा तुमचा अपमानकारक हट्ट ठरत नाही, खरा व्यावसायिक ती फोनवरच पाठवतो. शंका आली तर करंझाळेच्या टोंक भागात कृषी संचालनालय आहे, तिथे किंवा पेडण्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा.

आता कायदा. करार चालू असताना, तुम्ही भाडं देत असताना आणि अटी पाळत असताना, घर विनाअडथळा वापरू देणं हे मालकाचं बंधन आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये ते आहे. त्याच कलमात तुमचंही बंधन आहे: वाजवी वेळी मालकाला किंवा त्याच्या माणसाला घर पाहायला आत येऊ द्यायचं. म्हणजे कीड कुठवर गेली ते बघायला ऑपरेटर आला तर त्याला अडवू नका. पण आत येऊन पाहण्याचा हक्क वेगळा आणि "पाच दिवस बाहेर व्हा" म्हणण्याचा हक्क वेगळा. करारात तसं कलम नसेल तर हे दोघांच्या संमतीनेच व्हायला हवं, आणि संमती म्हटली की अटी आल्या. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरात शिरण्याआधी किमान चोवीस तासांची लेखी सूचना सांगितली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण बोलणी करताना "वाजवी म्हणजे किती" हे दाखवायला उपयोगी पडतो. घर कायमचंच खाली करून हवं असेल तर रस्ता निराळा. १९६८ चा गोव्याचा इमारत भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा ज्या भाडेकरूंना लागू आहे, त्यांना कायद्यातल्याच कारणांवर आणि त्यातल्याच प्रक्रियेने काढता येतं. व्हॉट्सअॅपवर काढता येत नाही.

तुमच्या कागदावर "लिव्ह अँड लायसन्स" (म्हणजे भाडेपट्टा नव्हे, नुसती राहण्याची परवानगी) लिहिलं असेल, आजकाल बहुतेक ठिकाणी तेच असतं, तर तुमची बाजू थोडी हलकी होते, हे मान्य करून चाला. पण फक्त मथळ्यावरून सगळं ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलं की कागदाच्या नावापेक्षा दोघांचा खरा हेतू पाहायचा, आणि जागेचा स्वतंत्र ताबा कुणाकडे आहे याला त्यात मोठं वजन आहे. तुमचं कुलूप, तुमचं वीजबिल, तुमचा स्वयंपाक, मालक विचारल्याशिवाय आत येत नाही, हे सगळं तुमच्या बाजूने मोजलं जातं.

(तुम्ही मुंडकार असाल, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत त्याच्या संमतीने घर करून राहत असाल, तर यातलं बरंच लागू नाही. मुंडकारांना १९७५ च्या कायद्याचं वेगळं संरक्षण आहे आणि ती प्रकरणं मामलेदाराकडे जातात. भाटकाराने औषधाच्या नावाखाली घर सोडायला सांगितलं तर कशावरही सही करण्याआधी वकिलाला भेटा.)

खर्चाचं सांगतो. आधी करार वाचा, कित्येकदा "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, मोठी मालकाची" अशी एक ओळ असते. ती नसेल तर साधा हिशेब असा: वाशांची कीड आणि भिंतीतली वाळवी इमारतीला लागते, म्हणून औषधाचा खर्च मालकाचा. ढेकूण, झुरळं राहणाऱ्याबरोबर येतात, तिथे बहुधा भाडेकरूच भरतो. तुम्ही राहायला येण्याआधीच वाळवी होती, मालकाला माहीत होती आणि तुम्हाला सहज दिसण्यासारखी नव्हती, तर असा मोठा दोष आधी सांगणं हे कलम १०८ खाली मालकाचंच काम होतं. बोलताना तोही मुद्दा मांडा.

तुमच्या पाच दिवसांच्या मुक्कामाचा खर्च मालकाने द्यावा, असं सरळ सांगणारं कलम मी तुम्हाला दाखवू शकत नाही. ते बोलूनच मिळवायचं. जे पदरात पडतं ते बहुधा असं: तेवढ्या दिवसांचं भाडं माफ, आणि मालकाची दुसरी खोली रिकामी असेल तर तिथे राहायची सोय. भाड्यातून कापायचं तर आधी लेखी होकार घ्या. आपल्या मनाने भाडं रोखू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. थकलेलं भाडं हे घर खाली करून घेण्याचं सगळ्यात सोपं कारण आहे आणि ते मालकाच्या हाती आयतं देऊ नये. जागेचा काही भाग वापरायलाच मिळाला नाही तर काय, हा प्रश्न १९६६ मध्ये स्टीफन कोर्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. भाडेकरूला एक बेडरूम मिळालीच नव्हती. न्यायालयाने सगळं भाडं माफ केलं नाही, प्रमाणात कमी केलं. भाड्यातून सूट मागताना तुम्हीही प्रमाणाचीच भाषा वापरा.

काकांना उत्तर पाठवायचं ते आज रात्रीच पाठवा. मजकूर साधारण असा ठेवा:

"नमस्कार काका. वाळवी आणि किडीचा इलाज करताय ते बरंच झालं, आमचा पाठिंबा आहे. कंपनीचं नाव, परवान्याची प्रत, औषधाचं नाव आणि किती तास बाहेर राहायला हवं ते कळवा. बाबांना दमा आहे, बाळ लहान आहे, म्हणून डॉक्टरांना विचारावं लागेल. आम्ही अमुक तारखेला सकाळी बाहेर पडू आणि अमुक तारखेला संध्याकाळी परत राहायला येऊ. सामान घरातच राहील. फवारणीपुरती एक चावी भाच्याकडे देतो, दुसरी आमच्याकडे राहील. तेवढ्या दिवसांचं भाडं पुढच्या महिन्यात वळतं करूया का? करार आहे तसाच चालू आहे, एवढं तुमच्याकडून इथे लिहून आलं की आम्ही तयारीला लागतो."

आवाज चढवलेला नाही, धमकी नाही, आणि हवं ते सगळं आहे. उत्तर "हो" असं एका शब्दात आलं तरी चालेल. उत्तर टाळून फोनच येत राहिला, तर बोलणं झाल्यावर "आत्ता फोनवर आपलं असं ठरलं" म्हणून लिहून टाका.

बाहेर पडण्याआधी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, वीजमीटरचा आकडाही त्यात येऊ द्या. दागिने, कागदपत्रं, बाळाची दुधाची भांडी, कपडे, अंथरूण, सासऱ्यांची औषधं आणि पंप बरोबर न्या. धान्य, मसाले, पिण्याच्या पाण्याची भांडी बाहेर काढा. मांजर, कुत्रा, फिशटँक यांचा विचार करा. वायूच सोडणार असतील (मी म्हटलं तसं, तुमच्या घरात सोडू देऊ नका, पण हे वाचणारा एखादा जण फ्लॅटमध्ये असेल) तर फॉस्फीनने तांबं, चांदी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू खराब होतात, म्हणून टीव्ही आणि कॉम्प्युटरही हलवावे लागतात. वरखालच्या आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या लोकांना, तसंच सोसायटीला लेखी कळवणं अशा वेळी सोडूच नये. त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो.

परतताना आधी एकट्या मोठ्या माणसाने जावं. दारंखिडक्या उघडून पंखे लावावेत, फरशी पुसावी. बाळाच्या पाळण्याची जागा दोनदा पुसा. काम कोणत्या औषधाने, कधी झालं आणि घर राहण्यास केव्हापासून योग्य आहे, हे ऑपरेटरकडून लिहून घ्या. वायू वापरला असेल तर मीटरने मोजून दाखवल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, डोकं दुखलं, मळमळलं, धाप लागली, तर सगळ्यांनी लगेच उघड्यावर यायचं आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा. गाडीत बसतानाच औषधाचं नाव सांगा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

औषधाने सामान खराब झालं किंवा कुणी आजारी पडलं, तर पेस्ट कंट्रोलवाल्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पैसे मालकाने दिले असले तरी त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो. मुदत दोन वर्षांची आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. वकिलाकडे जाण्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारणा करता येते.

आणि तुम्ही परत आलात, दाराला नवं कुलूप दिसलं, तर ते तोडू नका. फोटो काढा, शेजाऱ्यांना बोलवा, ११२ ला फोन करा आणि ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. "हे सिव्हिल मॅटर आहे" असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे, तरी तक्रार द्याच. तारीख आणि वेळ सरकारी कागदावर येते. मग विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ६. संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्गाशिवाय स्थावर मालमत्तेच्या ताब्यातून ज्याला बाहेर काढलं, तो ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावू शकतो. त्यात घर मालकीचं कुणाचं, हा वाद समोरच्याला पुढे करता येत नाही. ताबा तुमचा होता आणि तो बेकायदा काढून घेतला, एवढं दाखवायचं. मुदत सहा महिन्यांची. "काका देतील आज ना उद्या" म्हणत नातेवाइकांकडे दिवस काढणारे लोक इथेच हरतात, कारण सातव्या महिन्यात हा दरवाजा बंद झालेला असतो. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. ताई, स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, तेव्हा अर्ज आणि दावा तुमच्याच नावाने करा. करारावर सही मिस्टरांची एकट्याची असेल तर पहिल्याच भेटीत वकिलाला तेवढं सांगा.